चिंधी बांधलेलं वांगं

९ फेब्रुवारी २०२५

शेजारच्या आनंदाबाई उद्या कारंज्याला लेकीकडे चालल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि नंतर महिनाभर डोळ्यांत थेंब घालायला तिथे काजल घरी असते. इथे मुलगा-सून दोघंही नोकरीवर. त्यामुळे त्यांच्या गच्चीवरचे सगळे डबे आज आमच्या गच्चीवर आले. तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, एक फुटका माठसुद्धा. दोन्ही गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, तिच्यावरून बादल्या घेता घेता माझी कंबर धरली. अडुसष्ट वर्षांच्या आनंदाबाई मात्र "अजून एक, अजून एक" करत होत्या.

मी सेलूच्या ज्युनिअर कॉलेजात ग्रंथपाल आहे. यादी केल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. पाणी सकाळीच. मिरचीला कमी. सांबारावर, म्हणजे कोथिंबिरीवर, दुपारी ओलं पोतं. अशा सात गोष्टी. वांग्याच्या बादल्या दोन आहेत. एकीतलं रोप बाजारातलं, साधं. दुसरं त्यांचं माहेरचं: पानांना, देठाला काटे, फळ हिरवं आणि त्यावर पांढऱ्या रेघा. आईनं दिलेलं बी त्यांनी आष्टीकडच्या वावरात तीस वर्षं चालवलं. वावरात आता संत्रा लागला. बाटलीतलं जुनं बी गेल्या वर्षी पेरलं तर त्यातलं एकच उगवलं. ते हे झाड.

निघता निघता म्हणाल्या, "अन् चिंधीचं तं तुले मालूमच हाये."

मी म्हणाले, "हो, हो."

१७ फेब्रुवारी

सगळे डबे ठीक. मिरचीला फुलं आली. फोनवर त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "पाह्य, माह्या हातापेक्षा तुहा हात चांगला." दिवसभर छान वाटलं. एवढ्याशा कौतुकानं मी फुलते, हे काही बरं नाही.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्रीची सुट्टी. गच्ची धुतली, डबे सरळ रांगेत लावले, वाळकी पानं काढली. काटेरी वांग्यावर एक मोठं फळ पिवळं पडून लोंबत होतं, अगदी जून झालेलं. त्याच्या देठाला जुन्या निळ्या लुगड्याची चिंधी होती, बहुतेक वजन पेलायला बांधलेली. परवाच एका व्हिडिओत पाहिलं होतं की जून फळ झाडावर ठेवलं तर झाडाचा सगळा जोर तिकडेच जातो. कात्रीनं सफाईनं कापलं. तुकडे केले आणि खताच्या ड्रममध्ये टाकले, वरून ताक शिंपडून ढवळलं. चिंधी धुऊन दोरीवर वाळत घातली.

झाड हलकं दिसलं. मलाही हलकं वाटलं.

२ मार्च

सकाळी आनंदाबाईंचा फोन. ऑपरेशन चांगलं झालं.

"काऊन वं बाई, माह्यं बियाचं वांगं पिवयं झालं का?"

"कुठलं?"

"थेच नं, चिंधीवालं. चांगलं पिकू देजो, घाई नको करजो. एकच हाये थे."

मी म्हणाले, "झालंय पिवळं."

हे खोटं नाही. पण सत्यही नाही, हे ते शब्द तोंडातून निघतानाच मला कळत होतं.

नवऱ्याला, धनंजयला विचारलं. तो शेतकऱ्याच्या घरातला, मी पोस्टमास्तरची मुलगी. तो हसायलाच लागला. "एवढं माहीत नाही तुला? चिंधी बांधली की ते फळ बियाचं. आमच्याकडे लहान पोरंही चिंधीच्या भोपळ्याला हात लावत नाहीत." मग माझा चेहरा पाहून म्हणाला, "एक वांगं तर आहे."

दुपारी ड्रम उपसला. कोपरापर्यंत हात घातला. सगळा काळा चिखल, आतून गरम. एक फोड सापडली असं वाटलं, ती दुधीची निघाली. खताच्या उष्णतेत बी मरतं, असं मी वाचलेलं आहे.

३ मार्च

त्यांनी मला सांगितलं नव्हतं. चिंधी म्हणजे काय, हे त्या बोलल्याच नाहीत.

(संध्याकाळी.) वरचं वाक्य खोडत नाही, राहू दे. पण ते खरं नाही. त्यांनी चिंधीचा विषय काढला होता आणि मी "हो, हो" म्हणाले होते. माहीत नाही म्हणायला दोन शब्द लागले असते. इतकी वर्षं या गावात राहून, शेतकऱ्याची सून होऊन, चिंधीचं माहीत नाही म्हणायची मला लाज वाटली. एवढंच कारण आहे. दुसरं शोधलं, सापडलं नाही.

१४ मार्च

धुळवड. बाहेर रंग, मी गच्चीवर फुलं मोजते आहे. काटेरी झाडाला सहा फुलं आली होती, चार गळली. एक जरी धरलं तरी चालेल. कॉलेजात वार्षिक पडताळणी चालू आहे. जीर्ण पुस्तक बाद करायचं तरी समितीच्या तिघांच्या सह्या लागतात. ते फळ कापायला मला कुणाचीच लागली नाही.

१९ मार्च

उरलेली दोन्ही गळली. ऊन फार आहे. पानांखाली कोळी कीड लागलीय.

२१ मार्च

आज मी जे केलं ते लिहिते.

कृषी केंद्रातून वांग्याच्या बियांचं पाकीट आणलं. दुकानदारानं विचारलं, कोणतं? मी म्हणाले, कोणतंही. बियांना गुलाबी औषध लावलेलं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. चहाच्या गाळणीत धरून नळाखाली चोळचोळून धुतलं. राखेत घोळवलं, उन्हात वाळवलं, निळ्या चिंधीत बांधलं. बोटं अजून गुलाबी आहेत, साबणानं जात नाहीत.

२४ मार्च

आनंदाबाई आल्या. काळा चष्मा लावलाय, त्यात त्या एकदम कुणी पुढारी वाटतात. मी म्हटलंही तसं. "मंग मत देजो मले," म्हणाल्या.

मी पुरचुंडी त्यांच्या हातात ठेवली. "बी काढून ठेवलं, काकू." त्यांनी ती सोडली, चिमूट तळहातावर घेतली, बोटानं फिरवली. बराच वेळ फिरवली.

"धुतलं काय वं?"

"हो. गर होता."

"अन् हे बोटाले काय लागलं तुह्या?"

"शिक्क्याची शाई. लायब्ररीची."

"बरं," म्हणाल्या आणि गाठ पुन्हा बांधली. जाताना काजलच्या हातची बोरकुटाची पुडी दिली मला. ती तशीच ठेवली आहे. खाववत नाही.

११ एप्रिल

काटेरी झाडाला अजून एका फांदीवर जीव होता. आनंदाबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "म्हातारं झालं थे. काढून टाक, बादली मोकयी होईन. बी तं हाये आपल्यापाशी."

थांबा म्हणायला मला कारण देता आलं नाही. त्यांच्या समोरच मी ते उपटलं. काटे हातात गेले.

९ जून

मृग लागला. आनंदाबाईंनी थर्माकोलच्या खोक्यात बी टाकलं. मला बोलावून माझ्या हातानंही एक ओळ टाकायला लावली, "तुह्या हाताचं येते." मी टाकली.

माझ्या ड्रममधलं खत तयार झालं. चाळून आमच्या गच्चीवरच्या सगळ्या कुंड्यांत घातलं आणि एक पोतं कॉलेजला दिलं. तिथे शिपाई बंडूजींनी मागच्या सायकल स्टँडजवळ चार मोठ्या कुंड्या मांडल्यात, त्यांत मनीप्लँट आणि क्रोटन आहेत.

४ जुलै

त्यांचं बी भरभरून उगवलं. चाळीस रोपं त्यांनी आज भावाकडे, नत्थूजींकडे, आष्टीला पाठवली. एसटीच्या कंडक्टरच्या ओळखीनं, ओल्या पोत्यात गुंडाळून. "आईचं वांगं पुन्हा वावरात जाऊन राह्यलं," म्हणाल्या. आता हे माझ्या गच्चीपुरतं उरलं नाही. फोन करून थांबवता आलं असतं. एसटी तीन तास रस्त्यावर होती, तेवढा वेळ मी पुस्तकांना नंबर चिकटवत बसले.

घरी येऊन कढीपत्त्याच्या कुंडीतलं तण काढलं. मिरचीसारखं काहीतरी, तीन रोपं. उपटली.

१३ जुलै

पुन्हा कढीपत्त्यात आणि जास्वंदीत तेच तण, पाच रोपं. पानावर लव आहे. एकाचा बारीक काटा बोटात गेला. धनंजय म्हणाला, रिंगणी असेल, बांधावर खूप असते. सगळी काढली. निदान माझ्या कुंड्या तरी स्वच्छ असाव्यात.

२७ जुलै

रिंगणीची आणखी दोन.

कॉलेजात बंडूजींच्या कुंड्यांत रान माजलंय. काल बोलले त्यांना. ते स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. "वाढू द्या न मॅडम, हिरवं तं हाये. फुकटचं हाये." माणसानं जबाबदारी घेतली तर नीट तरी निभवावी. हे लिहिलं आणि वर पाहिलं, तर भिंतीपलीकडे आनंदाबाईंचा थर्माकोलचा खोका दिसला.

१० ऑगस्ट

गुळवेलीच्या डब्यात एक. उपटलं.

१२ ऑगस्ट

बंडूजींबद्दल आज प्राचार्यांना चिठ्ठी दिली. तपासणी समिती येणार आहे आणि आवारात तण शोभत नाही. चिठ्ठी देऊन आले तेव्हा स्वतःबद्दल बरं वाटलं नाही. पण तण तर होतंच.

२४ ऑगस्ट

तान्हा पोळा झाला. आनंदाबाईंनी करंज्या पाठवल्या आणि मागोमाग स्वतःच आल्या. त्यांच्या बादल्यांतल्या रोपांना आता कळ्या आहेत. त्यांनी चष्मा काढून एक पान दोन बोटांत धरलं, उलटंसुलटं केलं.

"हिले काटे काऊन नाईत वं?"

"कुंडीत येत नसतील," मी म्हणाले.

"गेल्या सालीही कुंडीतच होतं नं."

मी करंजी तोंडात घातली, बोलायला लागू नये म्हणून.

३० ऑगस्ट

सांगितलं.

संध्याकाळी त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाजारातल्या रोपाची बादली अजून तिथेच आहे, तिच्याकडे पाहत म्हणाल्या, "दोन झाडं जवयजवय होते. दिसत तं नव्हतं मले. म्याच दुसऱ्याले चिंधी बांधली अशीन. आंधयी म्हातारी, आईचं बी बुडवलं म्या."

त्या थोडं थांबून म्हणाल्या, "तवा काटा टोचला होता बोटाले, मले याद हाये. पण याद काय कामाची, डोये तं नव्हते."

पुन्हा थांबल्या. माझ्याकडे पाहत नव्हत्या. मला वाटलं, ह्या बाईनं हे दुःख मरेपर्यंत स्वतःच्या डोळ्यांवर घेतलं असतं आणि मी घेऊ दिलं असतं.

"काकू, चिंधी तुम्ही बरोबरच बांधली होती. मी कापलं ते. आणि बी मी दुकानातून आणलं होतं."

सगळं सांगितलं. गुलाबी बोटांसकट. त्या ऐकत राहिल्या. त्यांना धक्का बसलाय असं काही दिसलं नाही. वयानं माणसं अशी शांत होत असावीत. मग म्हणाल्या, "मालूम नाई म्हटलं असतं तं सांगतलं असतं म्या. दोन मिनिटाचं काम होतं."

"हो."

"नत्थूले चाळीस रोपं देली."

"हो."

"हो हो नको करजो आता." हे पहिल्यांदाच कडक आवाजात. खाली त्यांच्या सुनेचा कुकर वाजत होता. तीन शिट्ट्यांनंतर त्यांनी विचारलं, "कापलं कवा?"

"सव्वीस फेब्रुवारीला."

"पिवयं होतं?"

"पूर्ण."

"मंग पिकलं होतं थे. टाकलं कोठी?"

"खताच्या ड्रममध्ये. पण काकू, गरमीनं बी मरतं."

"कोण सांगतलं? माह्या उकिरड्यावर दर साली वांगे उगवे." त्या उठून उभ्या राहिल्या. "खत घातलं थ्या कुंड्यांत काही आलं का?"

"काही नाही. रिंगणी आली होती फक्त."

"रिंगणी?" म्हणाल्या. "कुंडीत? काटे होते?"

काटा गेला होता त्या बोटाकडे मी पाहिलं.

"किती उपटले वं बाई?"

"लिहिलेलं आहे," मी म्हणाले.

३१ ऑगस्ट

ही वही मागे चाळली. चार जुलैला तीन. तेरा जुलैला पाच. सत्तावीस जुलैला दोन. दहा ऑगस्टला एक. अकरा. अकरा वेळा ते माझ्याकडे परत आलं आणि माझ्या कुंड्या स्वच्छ होत्या.

सकाळपासून दोघींनी आमची एकेक कुंडी बोटांनी उकरून पाहिली. एकदा फक्त, जास्वंदीपाशी, आनंदाबाई "किती निगा राखते वं तू," म्हणाल्या. मी घरात जाऊन तोंड धुऊन आले.

आता पुन्हा वही वाचतेय. नऊ जून. "एक पोतं कॉलेजला दिलं."

सत्तावीस जुलै. "वाढू द्या न मॅडम."

आणि बारा ऑगस्टची माझी चिठ्ठी.

उद्या सोमवार.

१ सप्टेंबर

आनंदाबाईंना ऑटोत घालून कॉलेजात नेलं. सायकल स्टँडजवळच्या पहिल्या तीन कुंड्या लख्ख. माती उकरलेली, गेरू लावलेला.

बंडूजी आले. "पाहून घ्या मॅडम. तुमच्याच चिठ्ठीवरून साहेब मले बोल्ले, पोरांच्या समोर बोल्ले. केल्या साफ."

"त्यात काटेरी रोपं होती?"

"होते नं. हात फोडले माह्ये."

"चौथी कुंडी कुठे आहे?"

ते जरा चाचरले. "थे टाकीच्या मांगं सरकवली. साफ करायचा कंटाया आला, मंग म्हटलं कोणाले दिसन नाई अशी ठेवतो. आता तेही लिहून देसान का?"

पाण्याच्या टाकीमागे, गळक्या तोटीखाली, वाकड्या मनीप्लँटच्या शेजारी ते उभं होतं. गुडघ्याएवढं. जांभळं फूल होतं एक. आनंदाबाईंनी चष्मा काढला नाही. नुसता हात पुढे केला, देठावरून वर नेला आणि झटकन मागे घेतला. बोट तोंडात घातलं.

"टोचलं?" बंडूजींनी विचारलं.

"टोचलं," त्या म्हणाल्या आणि तिथेच, ओल्या सिमेंटवर बसल्या. "टोचलं रे बाप्पा."

बंडूजींना काही कळलं नाही. ते त्यांच्यासाठी पाणी घेऊन आले. माझ्यासाठीही आणलं. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "कायची माफी?" मी सांगितलं, चिठ्ठीची. "थे होय," म्हणाले. "थे तं खरंच होतं नं."

१८ ऑक्टोबर

नत्थूजींच्या वावरात चाळीसच्या चाळीस झाडांना फळं आली. गुळगुळीत, काळीजांभळी. ते फोनवर बहिणीला म्हणाले, "वांगे चांगले हायेत बाई, पण हे आईचे नाईत." आनंदाबाईंनी माझं नाव सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी स्वतः नत्थूजींचा नंबर मागितला. आनंदाबाईंनी दिला नाही: "थ्याले काय सांगशीन? राह्यू दे." ही दया आहे की शिक्षा, हे मला ठरवता आलेलं नाही.

२९ नोव्हेंबर

टाकीमागच्या झाडाला फळं लागली. हिरव्यावर पांढऱ्या रेघा, कुणी खडूनं ओढल्यासारख्या. मी लांबूनच पाहिलं.

दुपारी आनंदाबाई चिंधी घेऊन आल्या. तीच, निळ्या लुगड्याची, मी धुतलेली. त्यांनी एक फळ निवडलं, गाठ मारली आणि बंडूजींना बोलावलं.

"भाऊ, याच्यावर ध्यान ठेवजो. पाणी तूच घालजो. अन् ह्या मॅडमले हात लावू देजो नको."

बंडूजींनी टाचा जुळवून सलाम ठोकला. "मॅडम, कुंडीपासून चार हात दूर." मी हसले. आनंदाबाई हसल्या नाहीत. लायब्ररीच्या मागच्या खिडकीतून ती कुंडी दिसते. बंडूजी अकरा वाजता पाणी घालतात, कधी विसरतात, बाराला घालतात. मी खिडकीतच उभी राहते. बाहेर जात नाही.

निघताना मी त्यांना ऑटोपर्यंत सोडायला गेले. एक पाय ऑटोत ठेवून त्या वळल्या.

"चिंधीचं मालूम हाये नं आता?"

"हो" अगदी जिभेवर आलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "सांगा."

त्यांनी पाय खाली घेतला. ऑटोवाला कुरकुरला, त्याला म्हणाल्या, "थांब रे, पोरीले काही सांगून राह्यली." मग सांगायला लागल्या: पहिलं फळ धरायचं नाही, दुसरं-तिसरं धरायचं. झाडाच्या बुडाजवळचं. चिंधी ढिली बांधायची, देठ फुगतो पुढं, आवळली तर गळते. चिंधी घरातल्याच बाईच्या अंगावरची घ्यायची, म्हणजे घरातल्यांना लांबून ओळखू येते.

"ओळखू नाही आली तर?" मी विचारलं.

"तं इचारायचं," म्हणाल्या आणि ऑटोत बसल्या.

जुन्या सात गोष्टींच्या यादीखाली लिहून घेतलं. आठवी.